साखरयुक्त पेयांवरील कराने फक्त तिजोरी भरते का?

‘साखरयुक्त पेयांवर कर लावला तरी लोक तेवढीच पेये पितात, भरते ती फक्त सरकारी तिजोरी’, हा समज वर्षानुवर्षे फिरत असला तरी तो वस्तुस्थितीला धरून नाही. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून प्रतिलिटर १ पेसो कर लावला, तेव्हा पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी, कर नसता तर जेवढी झाली असती त्यापेक्षा, सरासरी सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाली आणि गरीब कुटुंबांत ही घट अधिक होती. ब्रिटनची रचना तर अधिक चतुर म्हणावी लागेल: २०१६ मध्ये जाहीर होऊन एप्रिल २०१८ मध्ये लागू झालेली तेथील आकारणी किमतीवर नव्हे, तर साखरेच्या प्रमाणावर बेतलेली असल्याने, १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर ठेवून कर टाळण्यासाठी अनेक उत्पादकांनी अंमलबजावणीपूर्वीच पेयांतील साखर घटवली. (निव्वळ तिजोरीच भरायची असती, तर ही वाट मोकळी कोणी ठेवली असती?) लठ्ठपणा हा मात्र वेगळा प्रश्न आहे, वजन अनेक कारणांनी वाढत असल्यामुळे, खरेदी घटल्याचा पुरावा जितका भक्कम आहे, तितका वजन घटल्याचा नाही.