कॅनोपी बसवायला येताय? आधी हौद्याची कड बघून या (व्ही-क्रॉस आणि हायलक्सवाल्यांसाठी)

कॅनोपी म्हणजे पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावर बसणारं बंद छप्पर, इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्सला आम्ही ते बसवतो. आम्हाला रोज एकच मेसेज येतो, "दादा, व्ही-क्रॉसला कॅनोपी केवढ्याला?" आणि खाली गाडीचा समोरून काढलेला झकास फोटो. गाडी छानच दिसते, पण त्या फोटोवरून आम्हाला काहीच कळत नाही. आम्हाला मागचा हौदा बघायचा असतो, आणि त्यातही हौद्याची वरची कड, जिच्यावर कॅनोपी बसते. या एका गोष्टीपायी गोव्याहून, बेळगावहून आलेली माणसं एका दिवसाच्या कामासाठी कोल्हापुरात मुक्काम करून जातात, म्हणून हे लिहून ठेवतोय.

शोरूममधून गाडी घेताना काळ्या प्लास्टिकचा बेड लायनर जवळपास सगळेच टाकून घेतात. चांगली गोष्ट आहे, हौद्याला ओरखडे पडत नाहीत. पण लायनर दोन प्रकारचा येतो. एक हौद्याच्या आत, कडेच्या खाली संपतो. दुसरा कडेवर चढून बाहेर दुमडलेला असतो. तुमचा कुठला ते ओळखायला टेप लागत नाही, सकाळी उन्हात न्यायच्या आधी कडेवर नुसता हात ठेवा. गार पत्रा लागला तर काही प्रश्न नाही, प्लास्टिक लागलं तर यायच्या आधी आम्हाला सांगा.

कारण असं आहे की आम्ही कॅनोपी बसवताना गाडीला भोक पाडत नाही. कॅनोपीची खालची पट्टी आणि हौद्याची कड दोन्ही मिळून आतल्या बाजूने सी-क्लॅम्पने आवळतो, मधे रबर बीडिंग. पत्र्यावर ही पकड पक्की बसते. मधे प्लास्टिक आलं की ते उन्हात फुगतं, रात्री आवळतं, घाटात घसरतं, आणि क्लॅम्प कितीही कसा, गगनबावड्याचा नाहीतर आंबोलीचा घाट एकदा उतरलात की कॅनोपी बोटभर तरी सरकलेली असते. पहिली खूण म्हणजे कॅनोपीच्या मागच्या काचेचं लॉक लागेनासं होतं, लोकांना वाटतं लॉकच खराब आहे. मग पावसाळ्यात लायनर आणि पत्रा यांच्या फटीतून पाणी आत येतं आणि गाद्या भिजतात.

यावर उपाय आहे, दुमडलेला भाग कडेच्या खालून सरळ कापून काढायचा, लायनरचे स्क्रू जिथे निघाले तिथली भोकं प्रायमर मारून बंद करायची, मग कॅनोपी चढवायची. पण यात अर्धा दिवस जातो आणि तो आम्ही अपॉइंटमेंटमध्ये धरलेला नसतो. कोणी म्हणतं, "दुसरीकडे लायनरवरच आवळून देतात, अर्ध्या तासात." देतात, खरं आहे. आम्ही देत नाही. त्यातल्या काही गाड्या जूनमध्ये आमच्याकडेच येतात, तेव्हा कॅनोपी उतरवा, लायनर कापा, बीडिंग नवीन टाका असं सगळं परत करावं लागतं आणि पैसे दोनदा जातात. प्लास्टिकच्या लायनरऐवजी हौद्यावर स्प्रे केलेलं कोटिंग असेल तर बिनधास्त या, ते पातळ असतं, चालतं.

तसंच रोल बारचं. हौद्यात केबिनच्या मागे जो स्टीलचा चकचकीत बार असतो तो कॅनोपीच्या आत मावत नाही, काढावाच लागतो, आणि कोकणातल्या गाडीचे त्याचे बोल्ट गंजून असे बसलेले असतात की पाना फिरतच नाही. आदल्या रात्री बोल्टवर गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवलात तर आमचे मेकॅनिक तुम्हाला दुवा देतील. रोलर शटर, म्हणजे हौद्यावरचं गुंडाळून उघडणारं झाकण, असेल तर तेही बहुतेक वेळा काढावं लागतं, त्याचा डबा पुढची जागा खातो. काढलेलं सामान घरी न्यायचं की आम्ही विकून द्यायचं ते आधी ठरवा, आमच्याकडे ठेवायला जागा नाही.

आता जे लोक ओळखीने थायलंडची कॅनोपी मागवतात त्यांच्यासाठी. तिथे 2019 ला नवीन पिढीची डी-मॅक्स आली, आपल्या रस्त्यावरच्या व्ही-क्रॉस त्याच्या आधीच्या पिढीच्या आहेत आणि दोन्हींचे हौदे वेगळे. "डी-मॅक्सचीच आहे हो" म्हणून घेतलेला माल इथे कोपऱ्यात बसत नाही आणि एफआरपीला (म्हणजे फायबरला) वाकवून बसवता येत नाही, तडकते. हायलक्सचं तसं बरं आहे, आपल्याकडे 2022 ला आलेली गाडी म्हणजे तिकडे 2015 ला आलेलीच पिढी, पण तरी मापं पाठवल्याशिवाय पैसे भरू नका. बोलेरो कॅम्परला आम्ही फॅब्रिकेशन करूनच देतो, त्याचं वेगळं बोलू.

मग प्रश्न येतो कुठली घेऊ. आम्ही उलट विचारतो, आत झोपणार का सामान नेणार? "दोन्ही" हे उत्तर आम्हाला माहीत आहे, तरी त्यातलं जास्त काय ते सांगा. डबल केबिनच्या हौद्याची लांबी साधारण 5 फूट. साडेपाच फुटी माणूस त्यात सरळ झोपत नाही, तिरका झोपतो किंवा फाळका (हौद्याचं मागचं, खाली पडणारं दार) उघडा टाकून पाय त्याच्यावर सोडतो. फाळका उघडा म्हणजे मागची काच पूर्ण लागणार नाही, म्हणजे डास आणि थंडी आत, म्हणून मागून अडकवायचा कापडी तंबू लागतो, तो आमच्याकडे शिवून मिळतो. उंचीचंही बघा. केबिनच्या उंचीची कॅनोपी घेतली तर हौद्याच्या तळापासून टपापर्यंत सव्वातीन फुटाच्या आसपास मिळतात, मांडी घालून बसता येतं. पण त्याच्यात 10 इंची ड्रॉवर टाकले आणि वर 4 इंची गादी, की उठून बसताना डोकं टपाला. यूट्यूबवर बघून ड्रॉवर मागणाऱ्यांना आम्ही आधी रिकाम्या कॅनोपीत गादी टाकून बसवतो, निम्मे लोक तिथेच ड्रॉवर रद्द करतात. आमचं त्यात नुकसानच आहे पण परत भांडायला येत नाहीत.

झोपायचं असेल तर दोन्ही बाजूला सरकत्या काचा आणि जाळी घ्या, आणि रात्री दोन्हीकडे दोन बोटं उघड्या ठेवा, कारण दोन माणसांच्या श्वासाने सकाळी टपातून थेंब गळतात. आतून कापडी अस्तर असेल तर ते जरा शोषून घेतं. आत स्टोव्ह, शेगडी अजिबात नाही, काच उघडी ठेवली तरी नाही, जीव जातो. सामानच न्यायचं असेल, म्हणजे सायकली, कामशेतला जाणाऱ्यांच्या पॅराग्लायडिंगच्या बॅगा, साऊंडवाल्यांच्या पेट्या, तर बाजूला वर उघडणारी दारं घ्या. नाहीतर पुढे ठेवलेली वस्तू काढायला हौद्यात गुडघ्यावर रांगावं लागतं.

टपावर तंबू टाकणार असाल तर ते पहिल्याच फोनला सांगा. रूफटॉप टेंट 50-70 किलोचा असतो आणि गाडी खड्ड्यात आदळली की टपाला तो कितीतरी जड लागतो. उभ्या गाडीवर दोन माणसं वर झोपलेली चालतात म्हणून चालत्या गाडीवरही तेवढंच वजन चालेल असं नसतं, हे दोन आकडे वेगळे असतात आणि दुकानदार मोठा आकडा आधी सांगतो. साधी एफआरपी या कामाला नको, आतून लोखंडी नाहीतर ॲल्युमिनियमचा सांगाडा असलेली घ्या. महाग आहे. आणि एकदा बेरीज करा: कॅनोपी 70 किलो धरा, टेंट 60, ड्रॉवर 50, भरलेला फ्रिज 30, दोन वीस लिटरचे पाण्याचे जार 40. माणसं बसायच्या आधी 250 किलो झाले. तुमच्या गाडीचं पेलोड, म्हणजे ती किती वजन वाहू शकते ते, कंपनीच्या कागदावर बघा, मग मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल बोलू. सोसायटीच्या बेसमेंटची उंचीही मोजा, टेंट लावल्यावर गाडी बाहेरच राहिली असं झालेलं आहे.

धुळीची तक्रार सगळ्यात जास्त लडाख-स्पितीहून परत आलेल्यांची, त्याखालोखाल कोकणातल्या लाल मातीवाल्यांची. धूळ कॅनोपीतून येत नाही, फाळक्याच्या खालच्या आणि बाजूच्या फटीतून येते, कारण चालत्या गाडीच्या मागे हवा आत ओढली जाते. फाळक्याला वेगळी रबर पट्टी लावून घ्या, आणि टपावर पुढे तोंड करून एक व्हेंट, म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाते. त्याच कारणाने मागची काच उघडी टाकून गाडी चालवायची नाही, सायलेन्सरचा धूरही तसाच आत येतो. मुलांना मागे बसवायचं का असं विचारतात, नाही. कुत्र्यालाही लांबच्या प्रवासात नको.

आरटीओबद्दल स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत बदल करण्यावर बंधन घालतं. आमची कॅनोपी न कापता, न भोक पाडता बसते आणि काढता येते, पण कुठेही अडवणार नाहीत असं आम्ही लिहून देत नाही, तुमच्या आरटीओत विचारून घ्या. असं लिहून देणाऱ्याकडून घेताना जरा जपून. विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये नोंद करा, बिल आम्ही पक्कंच देतो.

तर आता पाठवायचं काय: हौद्याच्या दोन्ही कडांचा जवळून फोटो, फाळका उघडून मागून एक, गाडीचं साल आणि दारातल्या स्टिकरवरचा कलर कोड. रंग मॅच करून हवा असेल तर तीन-चार दिवस जास्त धरा, पावसाळ्यात आठवडा. काळ्या किंवा पांढऱ्या तयार असतात. ऑर्डरच्या वेळी निम्मे, बाकी गाडी नेताना. बसवल्यावर पाचशेएक किलोमीटर झाले की परत या, क्लॅम्प आवळून देतो, त्याचे पैसे नाहीत, फक्त शनिवारी नको, शनिवारी फार गर्दी असते.