अडकलेलं पाणी

विमानप्रवासासाठी खाऊ बांधताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. तो हलका हवा, फ्रीजशिवाय टिकायला हवा आणि सुरक्षा तपासणीत अडायला नको. तिन्ही ठिकाणी आडवं येतं ते पाणी. एक किलो द्राक्षं वाळवली की जेमतेम पाव किलो मनुका हाती लागतात. बाकी सगळा भार पाण्याचाच होता.

मग पाणी जितकं कमी तितका पदार्थ टिकाऊ म्हणायचा का? मनुकांमध्ये सुमारे १५ टक्के पाणी असतं, तरी त्या महिनोन्महिने राहतात. शेंगदाण्यात १० टक्केच पाणी राहिलं, तर त्यांना बुरशी लागते. मला हे कोडं फार आवडतं. मनुकांमधली साखर पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे पाणी असूनही ते जंतूंच्या वाट्याला येत नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल. तेल पाण्याला थारा देत नाही, म्हणून सगळं पाणी उरलेल्या निम्म्या भागात साठतं आणि तेवढं बुरशीला पुरतं.

या मोकळ्या पाण्याचं माप म्हणजे जलसक्रियता. शुद्ध पाण्याची १, अगदी कोरड्या पदार्थाची ०. जंतूंची वाढ या मापावर ठरते, हे ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५०च्या दशकात दाखवलं. ०.९१च्या खाली अन्न नासवणारे बहुतेक जीवाणू वाढत नाहीत. ०.६च्या खाली बुरशी आणि यीस्टही थांबतात. पण थांबणं म्हणजे मरणं नव्हे. डब्यात एक ओला चमचा गेला, की तेवढ्या जागी पुन्हा वाढ सुरू होऊ शकते.

वजनाच्या हिशेबात शेंगदाण्यासारखे तेलकट दाणे सरस. एका ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४. मात्र तेलाचा वैरी वेगळा आहे: ऑक्सिजन. त्याच्यामुळे खवट वास येतो, आणि कोरडेपणा इथे कामाला येत नाही. हेच दाणे वाटून लोणी केलं, तर तपासणीत ते द्रवात मोजलं जातं आणि बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा लागते. म्हणून दाणे अख्खेच न्यावेत.

उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा उतरतो. बंद पाकिटातली हवा त्यामुळे एक तृतीयांशापर्यंत फुगू पाहते आणि कच्ची शिवण उसवते. पाकीट बंद करण्याआधी दाबून हवा काढली, तर फुगायला काही उरत नाही. आणि ऑक्सिजनही त्याच हवेबरोबर बाहेर जातो.

पाकिटं लहान करावीत, एका वेळेला एक संपेल अशी. केबिनमधली हवा फार कोरडी असते, तिथे उघडलेलं बिस्कीट कुरकुरीत राहतं. दमट गावी उतरल्यावर मात्र तेच बिस्कीट तासाभरात हवेतली ओल ओढून मऊ पडायला लागतं.