चष्मा डोळ्यांवर असताना बोलू नका
व्हीआर, म्हणजे चष्मा घालून आभासी जागा बघण्याच्या, सादरीकरणाची चाचणी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

तुमचं सादरीकरण बघितलेल्या माणसांकडून आम्ही चौदा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतो. “लोकांना आवडलं का, एवढंच सांगा ना. चौदा प्रश्न कशाला?” असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. आवडणं वेगळं आणि आपण तिथेच आहोत असं वाटणं वेगळं. इंदूरच्या सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाचा व्हिडिओ सगळ्यांना आवडतो, पण तो बघून कोणी दोना घ्यायला हात पुढे करत नाही. हात पुढे होतो का, ते आम्ही बघतो. राजवाड्यासमोर उभं असल्यासारखं वाटलं, की राजवाड्याचं चित्र पाहिल्यासारखं?

प्रश्न आमच्या मनचे नाहीत. शूबर्ट, फ्रीडमन आणि रेगेनब्रेख्ट यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली ‘आयपीक्यू’ ही प्रश्नावली आम्ही मराठी-हिंदीत वापरतो. जागेचा भास, गुंतून जाणं आणि खरेपणा असे तिचे तीन भाग, शिवाय एक सर्वसाधारण प्रश्न. पाच मिनिटांचं काम आहे.

वेळ जातो तो दुसऱ्याच कारणाने. चष्मा घातलेल्या माणसाला तुमचा मुलगा सांगतो, “काका, डावीकडे बघा, किचन दिसलं?” काका त्या क्षणी नव्या फ्लॅटमधून तुमच्या ऑफिसात परत येतात. अभ्यासक याला भास तुटणं म्हणतात. मग कागदावर उतरते ती मुलाची बडबड, तुमचा फ्लॅट नाही. असा फॉर्म आम्ही बाद करतो. त्याच काकांना पुन्हा बसवताही येत नाही, त्यांना घर पाठ झालेलं असतं. नवा माणूस शोधा, नवा दिवस ठरवा. मागे एका ग्राहकाकडे अख्खी दुपार अशीच गेली, आणि बिल बघून तेच नाराज झाले.

फॉर्मही चष्मा काढल्या काढल्या भरायचा. चहा नंतर.

काही जण म्हणतात, नाडीच मोजा. मोजतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या मंडळींनी २००२ साली वीस फूट खोल आभासी खड्ड्याच्या काठावर लोकांना उभं केलं, तेव्हा ठोके स्पष्ट वाढले. पण टू बीएचकेच्या किचनमध्ये कोणाची छाती धडधडणार? गच्ची, बाल्कनी, पूल असं काही दाखवायचं असेल तर नाडी मोजणारा पट्टा लावतो. त्याचे पैसे वेगळे.

दुसऱ्या एजन्सीच्या फॉर्मांतून निघालेल्या आकड्याशी आमचा आकडा लावून बघू नका. २००० सालच्या एका प्रयोगात काहींनी खऱ्या ऑफिसात आणि काहींनी आभासी ऑफिसात लाल डबा शोधला. तिथे वापरलेल्या (आयपीक्यूच्या आधीच्या) प्रश्नावल्यांना दोन्हींत म्हणावा तसा फरक दाखवता आला नाही, म्हणजे वेगवेगळ्या जागांचे आकडे एकमेकांशी लावण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही तुमचंच जुनं काम आणि सुधारलेलं काम, प्रत्येक वेळी नव्या माणसांवर, शेजारी ठेवतो. दुसऱ्या फेरीला निम्मा दर.

चाचणीच्या वेळी खोलीत फक्त आमचा माणूस राहील. तुमची मंडळी बाहेर बसतील, तोवर त्यांचे पोहे-जिलेबी आमच्याकडून.