लस टोचण्याच्या भेटीत दातही पाहिले जावेत

बाळाचा पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या आसपास दिसू लागतो आणि अडीच-तीन वर्षांत दुधाचे वीसही दात येतात. नेमक्या याच काळात लसीकरण, वजन, जुलाब, सर्दी-खोकला अशा कारणांनी मूल वारंवार बालरोगतज्ज्ञाकडे जात असते. दंतवैद्याकडे मात्र त्याला बहुतेक घरांतून पहिल्यांदा नेले जाते ते दाढ ठणकू लागल्यावर. तोपर्यंत कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली असते आणि ज्या उपचाराला काही मिनिटे पुरली असती, त्यासाठी कधी कधी मुलाला भूल द्यावी लागते. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत दंततपासणी व्हावी, असे बालदंतरोगतज्ज्ञ सांगतात. पण हा सल्ला घरापर्यंत पोहोचवू शकेल असा माणूस त्या वयात एकच असतो, आणि तो म्हणजे बाळाचा डॉक्टर.

दुधाच्या दातांवरचे कठीण आवरण कायमच्या दातांच्या तुलनेत जवळपास निम्म्या जाडीचे असते, त्यामुळे कीड त्यांत झपाट्याने आत शिरते. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दातावरच्या थराचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली उतरला, की आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते. पण एकदा गोड खाल्ल्यावर पूर्वस्थिती यायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकूण साखर किती यापेक्षाही ती दिवसातून किती वेळा तोंडात जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. झोपेत लाळ फारच कमी सुटते. गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपी जाणाऱ्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती ते दूध रात्रभर साचून राहते, तर खालचे पुढचे दात जीभ आणि लाळ यांच्या आडोशामुळे बरेचदा बचावतात. वरचे दात किडलेले आणि खालचे शाबूत असे चित्र दिसले, की अनुभवी डॉक्टर आधी बाटलीबद्दलच विचारतात.

कीड म्हणजे काळा खड्डा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिची पहिली खूण पांढरी असते. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने रेघ ओढावी तशी एक निस्तेज पांढरी पट्टी उमटते. ती वरच्या ओठाखाली झाकलेली असल्याने रोज बाळाचे तोंड पुसणाऱ्या आईच्याही नजरेस पडत नाही. या टप्प्यावर आवरण केवळ मऊ पडलेले असते, भोक पडलेले नसते, आणि फ्लोराइड व खाण्यातले बदल यांच्या जोरावर ते पुन्हा घट्ट होऊ शकते. पट्टी तपकिरी होऊन तिथे खड्डा पडला, की ही संधी गेली.

ती पांढरी पट्टी पाहण्यासाठी दंतवैद्याची खुर्ची लागत नाही. डॉक्टर आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर असते. त्याला अलगद मागे झुकवून त्याचे डोके डॉक्टरच्या मांडीवर टेकवले जाते, हात आईच्या हातात राहतात. डॉक्टर बोटाने वरचा ओठ उचलतात, दात कापसाने कोरडे करतात आणि उजेडात पाहतात. मूल रडलेच तरी तोंड उघडते, एवढाच काय तो त्याचा परिणाम. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या नित्यक्रमात असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

औषधांचा मुद्दाही त्यांच्याच हातातला आहे. लहान मुलांची कित्येक पातळ औषधे साखरेच्या पाकात बनवलेली असतात. दमा, आकडी किंवा वारंवार होणारा संसर्ग यांमुळे ज्या मुलाला ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, त्याला शक्य तिथे साखरविरहित औषध लिहून देता येते. निदान रात्रीचा डोस दात घासण्याआधी द्यावा आणि नंतर पाणी पाजावे, एवढे तरी सांगता येते. दात येताना मूल किरकिरते, लाळ गळते, हे खरे. मात्र मोठा ताप किंवा जुलाब दातांवर ढकलून घरी बसणे धोक्याचे आहे.

दात दिसताच दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने ते घासावेत: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने २००० पासून बालरोगतज्ज्ञांना लहानग्यांच्या दातांवर फ्लोराइड व्हार्निश लावण्याचे काम दिले आणि पुढे तशी शिफारस देशपातळीवरही झाली. ब्रशने लावलेला हा लेप लाळ लागताच घट्ट होतो. आपल्याकडे मात्र डॉक्टरांनी आधी पाण्याची चौकशी करायला हवी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मुळातच जास्त आहे. तिथे कायमचे दात घडत असताना फ्लोराइड पोटात अधिक गेले, तर दातांवर कायमचे डाग पडतात. अशा गावात पेस्ट गिळू न देणे आणि पिण्याचे पाणी बदलणे यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

‘दुधाचेच तर दात, पडणारच आहेत’ हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येते. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात, चावण्याचे काम करतात आणि कायमच्या दातांची जागा राखतात. त्यांच्यामागे सहाव्या वर्षी गुपचूप येणारी दाढ तर कायमचीच असते, आणि दुधाची समजून तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांत किडलेल्या दातातील जिवाणू रक्तात शिरून हृदयाच्या अस्तराला संसर्ग होण्याचा धोका असतो, म्हणून त्यांच्या दातांची तपासणी हृदयाच्या तपासणीइतकीच नियमित व्हायला हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे, आणि पुढील उपचारांसाठी मुलाला जिल्हा केंद्राकडे पाठवण्याची सोयही. अंगणवाडीतल्या त्या तपासणीत वरचा ओठ उचलला गेला का, हे पालक जागच्या जागी विचारू शकतात.