घोडा का अडला?

लहानपणी एक कोडं हमखास घातलं जायचं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. भाकरीचं आणि पानाचं लगेच पटायचं. घोड्याच्या वेळी मात्र डोळ्यांसमोर अडेल तट्टू यायचा. बांधून ठेवलेलं आळशी जनावर, बिघडणारच! कोडं रचणाऱ्याला शरीरशास्त्र किती ठाऊक होतं कोण जाणे, पण घोड्यांच्या डॉक्टरला हा प्रश्न विचारला तर तोही गंभीर चेहऱ्याने हेच उत्तर देईल.

आधी पोटाचं बघू, कारण घोडा दगावण्याच्या कारणांत पोटशूळ फार वरच्या क्रमांकावर आहे.

बैल औत सुटल्यावर सावलीत बसतो आणि रवंथ करतो. सकाळी भराभर ओरबाडलेला चारा त्याने पोटाच्या मोठ्या कप्प्यात साठवलेला असतो, तो निवांत वर आणून चघळायचा. घोड्याला ही सोय नाही. त्याचं जठर एकच आणि अंगाच्या मानाने अगदीच लहान, ८ ते १५ लिटरचं. त्याला रवंथ येत नाही आणि ओकताही येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की एकदा आत गेलेलं पुढेच जायला हवं. म्हणून मोकळ्यावरचा घोडा दिवसरात्र मिळून १५-१६ तास चरत असतो. दोन घास, चार पावलं, पुन्हा दोन घास. जात्यात मूठमूठ दाणे टाकण्याला आपण वैरणे म्हणतो आणि जनावराच्या चाऱ्याला वैरण. या दोन शब्दांचं नातं भाषेच्या अभ्यासकांनी उकलावं. घोड्याच्या बाबतीत मात्र ते एकमेकांना चपखल लागू पडतात. घोडा हे जातं आहे, त्याला वैरत राहावं लागतं.

जातं रिकामं फिरलं तर पाळूच झिजते. आपल्या पोटात आम्ल सुटतं ते मुख्यतः जेवणाच्या आगेमागे. घोड्याच्या जठरात ते चोवीस तास सुटत असतं, खायला मिळो न मिळो. त्यावर उतारा लाळेचा, आणि लाळ सुटते ती फक्त चघळताना. दिवसभर चरणारा घोडा ३५ लिटरच्या आसपास लाळ गिळतो. तोच घोडा तबेल्यात बांधून सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यातून चंदी दिली, तर हरभरा पंधरा मिनिटांत फस्त होतो आणि उरलेला दिवस आम्ल जठराचं अस्तर खात बसतं. शर्यतीच्या घोड्यांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा बहुसंख्य घोड्यांना व्रण आढळले. धावताना पोट आवळलं जातं, खालचं आम्ल वरच्या नाजूक भागावर हिंदकळतं. म्हणून आता फेरीला नेण्याआधी थोडा कडबा किंवा गवत खाऊ घाला, असं सांगतात. पोटात चाऱ्याचा थर असला की आम्ल फार उसळत नाही. उपाशीपोटी घोडा हलका पळतो असं मानणाऱ्या जुन्या मोतद्दारांना हे उलटंच वाटेल.

गव्हाणीच्या कडेवर दात रोवून हवा ओढत राहायचं, नाहीतर जागच्या जागी तासन्‌तास डुलत राहायचं, असं करणारे घोडे बाजारात स्वस्तात मिळतात. घोड्याला खोड आहे, म्हणतात. रानात मोकळ्या राहणाऱ्या घोड्यांत ही खोड दिसत नाही. मला विचाराल तर ती खोड खुंट्याची आहे.

कडब्याचं खरं पचन मागे, मोठ्या आतड्यात होतं. तिथे सुमारे ३० लिटरचं आंधळं आतडं आणि त्यापुढे घड्या घालून बसवलेला लांबलचक नळ. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव धाटातला तंतू कुजवून त्यातून शक्ती काढून देतात. या नळाच्या एका वळणावर वाट एकदम अरुंद होते. ऐसपैस रस्ता अचानक बोळात शिरावा तशी. घोडा चालता असला, त्याने २५ ते ४० लिटर पाणी प्यायलं असलं, तर माल सरकत राहतो. उभा घोडा, कोरडा कडबा आणि थंडीत न प्यायलेलं पाणी हे तिन्ही जुळून आले की त्या बोळात गाडी अडते. निरोगी घोड्याच्या कुशीला कान लावून बघा. आत गडगडाट चालू असतो, मधूनच लांबवर ढग गरजल्यासारखा आवाज येतो. हा गोंधळ चांगला. शांतता पसरली की घाबरायचं.

आता पायाकडे येऊ. घोडा एका बोटावर चालतो. आपण ज्याला त्याचा पुढचा गुडघा म्हणतो तो खरं तर मनगटाचा सांधा. त्याखाली सगळा पसारा मधल्या एकाच बोटाचा, आणि टाप म्हणजे त्याचं नख. मनगटाखाली हाडं, कंडरा आणि कातडी, मांसल स्नायू जवळजवळ नाहीच. आपल्या पोटऱ्या आवळतात तेव्हा पायातलं रक्त वर ढकललं जातं. घोड्याला तिथे पोटऱ्याच नाहीत. मग साडेतीनशे किलोच्या जनावराच्या तळपायातलं रक्त वर चढवतं कोण?

नालबंद काम करत असेल तिथे दहा मिनिटं थांबलात तर उत्तर दिसेल. तो घोड्याचा पाय मागे दुमडून मांडीवर घेतो, जुनी नाल उचकटतो, वाढलेलं नख कातरतो, कानशीने घासतो. घोडा ढिम्म असतो, कारण नखाच्या बाहेरच्या भिंतीत जाणीव नाही. खिळाही त्या भिंतीतच तिरका ठोकतात. तळव्याच्या मधोमध एक त्रिकोणी भाग दिसतो. नालबंद तो अंगठ्याने दाबून बघतो. जोड्याच्या रबरी टाचेसारखा दबतो आणि पुन्हा वर येतो. पाऊल टेकलं की हा भाग आणि त्यावरची मऊ गादी दबते, टाप किंचित फाकते आणि शिरांच्या जाळ्यातलं रक्त पिळून वर जातं. पाऊल उचललं की जाळं पुन्हा भरतं. हा पंप पावलागणिक चालतो. चार दिवस बांधलेल्या घोड्याचे मागचे पाय सुजतात आणि अर्धा तास फिरवला की उतरतात, ते यामुळेच.

हे नख महिन्याला ८ ते १० मिलिमीटर वाढतं. रानात चालून ते आपोआप झिजतं. नाल ठोकली की झीज थांबते पण वाढ थांबत नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांनी नालबंदाकडे जावंच लागतं. पैसे वाचवायला चार महिने तीच नाल ठेवणारे मालक मी पाहिलेत. पुढे कंडरा दुखावते आणि घोडाच विकावा लागतो.

पोट आणि पाय यांचं नातं सगळ्यात क्रूरपणे दिसतं ते लॅमिनायटिसमध्ये, म्हणजे टापेच्या आतल्या सुजेच्या रोगात. रात्री दावं सुटलं, घोडी धान्याच्या पोत्याला लागली, मनसोक्त खाल्लं. लहान आतड्याला एवढा स्टार्च झेपत नाही, तो न पचता मागे सरकतो. तिथले आम्ल करणारे सूक्ष्मजीव माजतात, बाकीचे मरतात आणि त्यांची विषं रक्तात उतरतात. एक-दोन दिवसांत फटका बसतो पायांना! टापेच्या आत बोटाचं शेवटचं हाड अक्षरशः टांगलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकमेकांत गुंतवावीत तशा शेकडो पापुद्र्यांनी ते नखाच्या भिंतीला धरलेलं असतं. ते पापुद्रे सुजतात, सुटू लागतात. घोडी पुढचे पाय पुढे ताणून सगळा भार मागे टाकून उभी राहते आणि चाबूक मारला तरी पाऊल उचलत नाही. बघणारे म्हणतात, अडली. अशा वेळी मात्र तिला फिरवणं म्हणजे उरलेले पापुद्रे फाडणं. कोड्याचं उत्तर इथे लागू पडत नाही. मऊ जमीन आणि ताबडतोब डॉक्टर, एवढंच.

आणखी एक दुखणं आपल्या पंचांगाशी जुळतं. युरोपात गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी आणि खुराक मात्र पुरा. सोमवारी जुंपले की मांड्या दगडासारख्या कडक, घामाच्या धारा, लघवी कॉफीच्या रंगाची. या रोगाचं नावच सोमवार सकाळचा रोग असं पडलं. आपल्याकडच्या वरातीच्या घोडीचा रविवार म्हणजे चातुर्मास. आषाढीपासून मुहूर्त नाहीत, घोडी खुंट्याला, चंदी चालू. तुळशीचं लग्न झालं की पहिली वरात, डीजे आणि दोन-तीन तासांची मिरवणूक. काम नसताना दाणा कमी करावा आणि हंगामाआधी पंधरा-वीस दिवस रोज थोडं थोडं वाढवत फिरवावं, एवढ्यानेही खूप फरक पडतो. वरातीमागून डॉक्टर आणून उपयोग नाही.

याच्या उलट धनगराचं घोडं. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यातली भीमथडी जात मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. घोडदळं संपली आणि तिला सांभाळलं ते मेंढपाळांनी. अलीकडे तिला भारतातली स्वतंत्र अश्वजात म्हणून मान्यताही मिळाली. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे, म्हणजे तांडे, निघतात, तेव्हा पाठीवर वाघूर (मेंढ्या कोंडायची जाळी), भांडीकुंडी, कोंबड्या आणि कधी एखादं लेकरू घेऊन हे बुटकं जनावर चालतं. तबेला नाही, खरारा नाही, चंदीचे लाड नाहीत. बांधाचं गवत खात आठ महिने चाल. त्याचं आयुष्य सुखाचं असतं असं मी म्हणणार नाही, ओझी जड असतात आणि जखमा झाल्या की धनुर्वाताची भीती, कारण घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. पण पोट आणि टापा ज्या कामासाठी घडल्या, ते काम त्यांना रोज मिळतं.

आमच्या काकांनी हौसेने एक घोडी पाळली होती. एका पावसाळ्यात सलग तीन दिवस झड लागली आणि ती गोठ्यातच राहिली. तिसऱ्या संध्याकाळी चंदी तशीच. वळून वळून कुशीकडे बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची, बसायची, लगेच उठायची. शेजारच्यांनी गोडेतेलाची बाटली आणली, तोंडात ओता म्हणाले. डॉक्टर फोनवर ओरडलेच : ओतू नका, फुफ्फुसात गेलं तर गेली ती. मी येईपर्यंत सावकाश फिरवा, पळवू नका. ते एक वाजता चिखलातून आले, इंजेक्शन दिलं, नाकातून जठरात नळी घालून औषध सोडलं, मागे हात घालून तपासलं आणि म्हणाले, पीळ नाही, तुंबलंय. थोडी विश्रांती, थोडी चाल, असं चालू द्या. काका डोक्यावर पोतं घेऊन तिला अंगणात फिरवत राहिले, मी कंदील धरून मागे. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमाराला ती थांबली, शेपूट उचललं आणि चार-पाच हिरवट गोळे पडले. काकांनी काकूंना हाक मारून उठवलं. काकू पदर सावरत आल्या, वाकून लीद बघितली आणि चहा टाकायला आत गेल्या.