उच्छ्वास (जुनी नळव्यवस्था)

शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या बंद नळावर अंतराअंतराने उभारलेले, वरून उघडे असलेले दगडी किंवा विटांचे बांधकाम म्हणजे उच्छ्वास. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणलेल्या नळावर असे उच्छ्वास आहेत. हा नळ माणूस आत उतरून चालू शकेल एवढा मोठा. त्यामुळे तिथले उच्छ्वास मुख्यतः हवा खेळती ठेवण्यासाठी, गाळ बसवण्यासाठी आणि सफाईला उतरण्यासाठी होते. या नळाचे पाणी पेठांतल्या हौदांत पोचे.

खापरी नळांवरच्या उच्छ्वासाचे काम मात्र वेगळे आणि जास्त नाजूक. बंद नळ पाण्याच्या पातळीपासून १० मीटर खाली उतरला की त्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब येतो. भाजलेली माती आणि चुन्याचे सांधे फार दाब सोसत नाहीत. म्हणून पाणी उच्छ्वासाच्या मनोऱ्यात वर चढवून माथ्यावरच्या उघड्या हौदीत सोडत आणि दुसऱ्या नळाने खाली उतरवत. पुढच्या टप्प्याचा दाब मग या हौदीच्या पातळीपासून नव्याने मोजायचा. ३० मीटरचा उतार तीन सारख्या टप्प्यांत तोडला, तर कुठल्याच सांध्यावर पूर्ण ३० मीटरचा भार येत नाही. सगळे कसब माथ्याच्या उंचीत असते. हौदी मागच्या हौदीपेक्षा खाली हवी, आणि वाटेतल्या घर्षणात जाणारी उंचीही त्यातून वजा करावी लागते. ती जास्त उंच झाली तर पाणी चढतच नाही.

औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीतही नळाचे पाणी असेच उंच भिंतीवर चढवलेले आहे. तिथून ते हौदात पडते आणि त्याच्या जोरावर पीठ दळायची चक्की फिरत असे.

जमिनीखालच्या नळात कुठे बिघडले, हे पाहण्याची सर्वांत सोयीची जागाही उच्छ्वासच. मागची हौदी ओसंडते आणि पुढची कोरडी पडते, तेव्हा अडथळा त्या दोहोंच्या मधे असतो: गाळ, मुळांचा पुंजका किंवा नळात साठलेला चुन्याचा थर. मागची हौदी भरलेली असून ओसंडत नाही, तरीही पुढे पाणी कमी पोचते, तेव्हा मधला सांधा गळतो आहे असे समजावे. सगळ्याच हौद्या उतरल्या तर आधी उगमाकडे जावे.

दगडी बांधकामाचा मोठा शत्रू म्हणजे पिंपळ आणि उंबर. रोप नुसते कापले तर मूळ पुन्हा फुटते. तिथले दगड उतरवून मूळ काढावे लागते. दगडांमधल्या दरजा चुन्यानेच भराव्यात. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आतला जुना चुना भुसभुशीत होतो. केरकचरा पडू नये म्हणून माथ्यावर फरशी घालायची असेल, तर जाळीची फट ठेवायलाच हवी. हवेची वाट पूर्ण बंद झाली की नळाच्या चढावर हवेचा फुगा अडकतो आणि उगमात पाणी असूनही धार तुटक येते.