निजामाचं ‘पाच टन’ सोनं

१९६५च्या युद्धाच्या वेळी हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी देशाला ५००० किलो सोनं दान केलं, अशी पोस्ट अधूनमधून फिरत येते. वर ‘फक्त पेट्या तेवढ्या परत द्या’ हा मसाला. खरा आकडा ४२५ किलो, आणि ते दानही नव्हतं. ती राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांतली गुंतवणूक होती, साडेसहा टक्के व्याजाची! सोनं जुन्या मोहरांच्या रूपात होतं. हिशेबापुरती उस्मान अलींच्या टांकसाळीतली अशरफी घ्या: चारमिनारचं चित्र, फारसी अक्षरं, वजन साधारण ११ ग्रॅम. पाच टनांना अशा साडेचार लाख अशरफ्या लागतील. अर्थात ४२५ किलो म्हणजेही काही चिल्लर नव्हे. लालबहादूर शास्त्रींनी त्याबद्दल निजामांचं जाहीर अभिनंदन केलं होतं.